जबडा आखडतो सुपारीने, बंदीची चर्चा तंबाखूची

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करणारी पंचविशीतली मुलं दातांच्या डॉक्टरकडे येतात ती दाढ दुखते म्हणून. तोंड उघडलं की स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. त्यांचं एक कसंबसं जातं. गालाच्या आत पांढुरक्या, टणक पट्ट्या हाताला लागतात. भाजीतलं साधं तिखटही सोसत नाही, हे तर कित्येक महिने आधीपासून चालू असतं.

या विकाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. वैद्यकीय नोंदीत तो १९५२ मध्ये आला, पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तपासणीतून. कारण तेव्हा उमगलं नव्हतं. सुपारीतल्या अरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या आत तंतू साठत जातात, हे नंतर कळलं. पानातली सुपारी पूर्वीही होतीच. गुटख्याची पुडी आली आणि वीस-बावीसच्या पोरांचे जबडे आखडू लागले.

बंदीची कथा मात्र गुंत्याची आहे. महाराष्ट्राने ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखा बंद केला. २००४ मध्ये ती बंदी न्यायालयात टिकली नाही. तो अधिकार राज्याचा नाही, असं ठरलं. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन नको, असं आलं आणि गुटखा खाद्यपदार्थ ठरवून जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी घालता आली. ज्या कलमाचा आधार घेतला त्याखालच्या बंदीची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. म्हणून दरवर्षी नवी अधिसूचना काढावी लागते. तोवर विक्रेत्यांनी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत देण्याची वाट काढली होती. मुंबई-आग्रा महामार्गावर गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या अजून येतात.

सुगंधित सुपारीही या बंदीत आली, पण साधी सुपारी मोकळीच राहिली. तंबाखूशिवायही सुपारी कर्करोगकारक आहे, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या २००४ च्या अहवालात स्पष्ट आहे. इथल्या जनजागृतीत सगळा भर तंबाखूवर, हे मला फार चुकीचं वाटतं. ‘तंबाखू कधीच सोडली, आता नुसती सुपारी’ असं समाधानाने सांगणारे रुग्ण त्यातूनच तयार होतात. त्यांना आधी सुपारी बंद करायला लावतात, गालात इंजेक्शनं देतात आणि दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकेक वाढवत ठेवायचा व्यायाम सांगतात. तरीही पट्ट्या पूर्ण विरघळत नाहीत. फार आखडलेल्या जबड्याला शस्त्रक्रियाच लागते.