जलशीतन, डेटा सेंटरमधील

डेटा सेंटरमधील संगणकसंचांची उष्णता पाण्याच्या साह्याने वाहून नेऊन इमारतीबाहेर टाकण्याची पद्धती. संचाला दिलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. म्हणून वीजभार व शीतनभार व्यवहारात सारखेच धरतात. तापमानातील तेवढ्याच वाढीसाठी पाणी समान घनफळाच्या हवेपेक्षा सुमारे ३,५०० पट उष्णता सामावून घेते. पाण्याची निवड होते ती यामुळे.

पाण्याने थंड केलेला पहिला संगणक कोणता, याविषयी मतभेद आहेत. ते बहुतांशी ‘जलशीतन’ या संज्ञेच्या व्याप्तीवरून निर्माण झालेले दिसतात. १९५१ च्या युनिव्हॅक–१ मध्ये थंड पाणी व पंखे यांची संयुक्त व्यवस्था होती, म्हणून काही जण पहिलेपणाचा मान त्याला देतात. मात्र तेथे पाणी हवेला थंड करी आणि हवा निर्वात नलिकांना. आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ९१ (घोषणा १९६४) मध्ये पाण्याचे उष्णता-विनिमयक यंत्राच्या चौकटीतच, मंडलफलकांच्या दरम्यान बसविले गेले. जलशीतनाची सुरुवात पुष्कळदा येथून सांगतात. पण मंडलांना स्पर्श तेव्हाही हवेचाच होता. १९८० मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ मध्ये हा मधला दुवा गळला. सुमारे ९० मिमी. बाजूच्या सिरॅमिक पाटीवर शंभराच्या आसपास चिप, प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबून धरलेला धातूचा दट्ट्या, उरलेल्या फटींत हीलियम वायू आणि माथ्यावर पाणी खेळविणारी कोल्ड प्लेट, अशी त्याची रचना होती. काटेकोर अर्थाने जलशीतनाचा आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९९० नंतर कमी वीज घेणाऱ्या सीमॉस चिप आल्या आणि मोठ्या संगणकांतून नळ बरेचसे हद्दपार झाले. २००८ च्या सुमारास ते परत आले. झुरिकच्या ‘अ‍ॅक्वासार’ संगणकात (२०१०) सुमारे ६०° से. तापमानाचे पाणी वापरले गेले. चिप त्याहून बरीच गरम असल्याने एवढे गरम पाणीही पुरते. बाहेर पडणारे पाणी इमारत उबदार ठेवण्यास उपयोगी पडते, हा वेगळा लाभ.

मोठ्या केंद्रांत पाणी फिरण्याची सामान्यतः दोन मंडले असतात. आतले बंद मंडल संचांची किंवा सभागृहातील हवेची उष्णता गोळा करते. प्लेट हीट एक्स्चेंजर (पत्र्यांचा उष्णता-विनिमयक) अथवा चिलर (विजेवर पाणी थंड करणारे यंत्र) यांमार्फत ती बाहेरच्या खुल्या मंडलात जाते आणि कूलिंग टॉवरमध्ये पाण्याच्या बाष्पीभवनाने हवेत टाकली जाते. एक किलोवॉट-तास उष्णतेमागे सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ होते. म्हणजे एक मेगावॉट भार अहोरात्र याच मार्गाने बाहेर काढायचा, तर रोज सुमारे ३५,००० लिटर पाणी नुसते उडून जाते. टॉवरमधील पाणी ओल्या फुग्याच्या (ओले फडके गुंडाळलेल्या) तापमापकाने दर्शविलेल्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. कोकणपट्टीत पावसाळी हवा दमट असल्याने पाणी मुबलक असते तेव्हाच टॉवरची ताकद कमी पडते.

देखभालीचा खरा विषय उष्णता नसून पाण्यात उरणारे क्षार हा आहे. वाफ शुद्ध पाण्याची होते. कॅल्शियम, सिलिका, क्लोराइड मागे राहून दाट होत जातात. मूळ पाण्याच्या किती पट दाटी होऊ द्यायची ते ठरवून त्यानुसार काही पाणी सोडून द्यावे लागते. यास ब्लोडाऊन म्हणतात. चारपट दाटी चालवून घेतल्यास ब्लोडाऊन बाष्पीभवनाच्या एक तृतीयांश असते. दुपटीवरच थांबल्यास ते बाष्पीभवनाएवढे होते. दाटी वाढविली की पाणी वाचते, पण कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसू लागतो. ही प्रवृत्ती मोजण्यासाठी डब्ल्यू. एफ. लँगेलिअर यांनी १९३६ मध्ये मांडलेला निर्देशांक अजून वापरात आहे. उलट दिशेला गंज असतो. तो रोखण्यासाठी पूर्वी क्रोमेट (षट्संयुजी क्रोमियमची संयुगे) टाकीत. अमेरिकेत वातानुकूलनाच्या कूलिंग टॉवरमधील षट्संयुजी क्रोमियमच्या वापरावर १९९० मध्ये बंदी आली. त्यानंतर फॉस्फोनेट, मॉलिब्डेट आणि तांब्यासाठी अ‍ॅझोल वर्गातील संयुगे रूढ झाली.

तिसरा धोका जैविक. शेवाळ व जिवाणूंच्या बुळबुळीत थरातून उष्णता नीट जात नाही. शिवाय कोमट पाण्यात लेजिओनेला हा न्यूमोनिया घडविणारा जिवाणू वाढतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनात उद्भवलेल्या न्यूमोनियाच्या साथीवरून हे नाव पडले. पुढच्या वर्षी जानेवारीत मॅकडेड व शेपर्ड यांचे जिवाणू ओळखल्याचे संशोधन जाहीर झाले. साथीचे मूळ हॉटेलच्या कूलिंग टॉवरमध्ये होते असे सर्रास लिहिले जाते. ते संभाव्य असले तरी निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही. टॉवरमुळे रोग पसरू शकतो हे मात्र नंतरच्या साथींनी, विशेषतः न्यूयॉर्कमधील २०१५ च्या साथीने, निःसंशय दाखविले. म्हणून क्लोरीन वा ब्रोमीनसारखी ऑक्सिडीकारक आणि इतर जंतुनाशके आलटूनपालटून देतात, तुषार अडविणाऱ्या जाळ्या तपासतात व टाकीतील गाळ काढतात.

चिपपर्यंत जाणाऱ्या बंद मंडलात वाफ होत नाही, पण मार्गिका केसाइतक्या बारीक असल्याने त्या तुंबण्यास थोडा कचराही पुरतो. तेथे बारीक गाळण्या, सामू व जिवाणूंची नियमित तपासणी आणि बहुधा २५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉलचे मिश्रण वापरतात. तांबे व अ‍ॅल्युमिनियम एकाच मंडलात ठेवणे टाळतात.

पाण्याच्या वापराचे माप म्हणून ‘द ग्रीन ग्रिड’ या संघटनेने २०११ मध्ये दर किलोवॉट-तासामागे लिटर हा निर्देशांक मांडला. त्यात वीजनिर्मितीसाठी खर्च झालेले पाणी सहसा धरत नाहीत, त्यामुळे तुलना फसवी होऊ शकते. जॉर्जियातील डग्लस परगण्यात गूगलच्या केंद्राला प्रक्रिया केलेले सांडपाणी पुरविले जाते. फिनलंडमधील हामिना येथे जुन्या कागद कारखान्याच्या जागी समुद्राचे पाणी वापरतात. महाराष्ट्रात अशी केंद्रे मुख्यतः नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात एकवटली आहेत. पाणी न उडविणारे कोरडे शीतक हा पर्याय आहे, मात्र उन्हाळ्यात त्यांच्या जोडीला चिलर अधिक चालवावे लागतात आणि वाचलेल्या पाण्याची भरपाई विजेतून होते.