सामाजिक भांडवल आणि सामूहिक मासेमारी व्यवस्थापन (मुंबई)

सामाजिक भांडवल : माणसांचा एकमेकांवरचा विश्वास, देण्याघेण्याचे संबंध, सर्वांनी पाळायचे संकेत आणि ते मोडणाऱ्याला गावाकडून मिळणारी समज या सगळ्यांना मिळून सामाजिक भांडवल म्हणतात. मासेमारीत या भांडवलाला विशेष महत्त्व आहे. समुद्रातला मासा जाळ्यात येईपर्यंत कोणाचाच नसतो. त्यामुळे आज हात आखडणाऱ्याला उद्या त्याचे फळ मिळेल, याची हमी फक्त शेजारच्या होडीवाल्याच्या वागण्यातून मिळते. ही हमी असेल तर नियम कागदावर नसतानाही पाळले जातात. नसेल तर कायदाही लंगडा पडतो. मुंबईच्या कोळीवाड्यांत या दोन्ही गोष्टी पाहायला मिळतात.

मॅन्कर ओल्सन यांनी 1965 मध्ये दाखवले की, फायदा सर्वांना आणि कष्ट मोजक्यांना अशी स्थिती असेल, तर मोठ्या गटातला शहाणा माणूस कष्ट टाळतो. गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये सामायिक चराऊ रानाच्या दाखल्यावरून याहून निराश निष्कर्ष काढला. सरकारी अंकुश किंवा खाजगी मालकी यांवाचून अशी संपत्ती उद्ध्वस्त होते, असे त्यांचे म्हणणे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची प्रत्यक्ष उदाहरणे तपासून हे खोडून काढले. त्यांना 2009 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तुर्कस्तानातील अलान्या येथील मच्छीमारांचे उदाहरण त्या देत. तिथे मासे पकडण्याच्या जागांची यादी करून चिठ्ठ्या टाकतात आणि मग मोसमभर प्रत्येक होडी रोज एकेक जागा पुढे सरकते. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते. आपली पाळी चुकू नये म्हणून प्रत्येकजण दुसऱ्यावर नजर ठेवतो, त्यामुळे वेगळा पहारेकरी लागत नाही. पुढे 2011 मध्ये निकोलास गुटिएरेझ आणि सहकाऱ्यांनी 130 सह-व्यवस्थापित, म्हणजे सरकार आणि मच्छीमार मिळून सांभाळत असलेल्या, मत्स्यक्षेत्रांची तुलना केली. यश मिळण्यामागे स्थानिक नेतृत्व आणि समाजातील एकजूट ही कारणे ठळक असल्याचे त्यांना आढळले.

मुंबईत वरळी, माहीम, खार दांडा, वेसावे, मढ, मनोरी, गोराई, ट्रॉम्बे, माहूल अशी मासेमारीची गावे शहराच्या पोटात आणि कडेला टिकून आहेत. गोराई, मनोरीसारख्या गावांत ख्रिस्ती मच्छीमारही आहेत. गावकी, जमात, पाटील ही जुनी चौकट आणि सहकारी सोसायटी ही नवी चौकट अनेक ठिकाणी एकाच वेळी चालतात. दोन्हींत माणसे बहुतेक तीच असतात, त्यामुळे सोसायटीच्या सभेतला वाद कोणत्या घराण्याचा आहे हे बाहेरच्याला सहज कळत नाही.

या भागातील सामूहिक व्यवस्था समजून घ्यायची तर डोल पाहावी लागते. डोल म्हणजे शंकूच्या आकाराचे पिशवीसारखे मोठे जाळे. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना ते बांधतात आणि त्याचे तोंड पाण्याच्या ओढीकडे ठेवतात. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही मासळी प्रवाहाबरोबर आत शिरते. जाळे माशामागे जात नाही, मासा जाळ्यात वाहत येतो. त्यामुळे सगळे जागेवर ठरते. उधाणाच्या दिवसांत पाण्याला जोर असतो तेव्हा कामाची घाई, तर भांगाच्या दिवसांत जाळी किनाऱ्यावर आणून सुकवायची आणि सांधायची. खुंट रोवणे हे एका घराला पेलणारे काम नव्हे, त्याला अनेक हात लागतात. ज्याने दुसऱ्याच्या खुंटाला हात लावला नाही, त्याला स्वतःच्या वेळी माणसे कुठून मिळणार? शिक्षेची सोय अशी कामातच असते.

डोलीच्या जागेवर घराण्याचा हक्क परंपरेने मानला जातो आणि तो बापाकडून मुलाकडे जातो. कोणत्याही सरकारी उताऱ्यावर या जागेची नोंद नसते. तरीही कोणाची जागा कुठे संपते हे गावाला ठाऊक असते. एखाद्याने प्रवाहाच्या वरच्या अंगाला, दुसऱ्याच्या जाळ्यासमोर आपले जाळे लावले, तर मागच्याची डोल रिकामी राहते. पण भरतीच्या पाण्यात जो पुढे असतो तोच ओहोटीच्या पाण्यात मागे पडतो. दोन्ही पाण्यांत जाळी लावणाऱ्यांना हा हिशेब नेमका कळतो, आणि डोलीच्या रांगांमधले अंतर टिकण्यामागे चांगुलपणाइतकाच त्याचाही वाटा असावा.

गावाची वेस ओलांडली की ही समजूत विरळ होते. वसई-उत्तनचे डोलवाले आणि सातपाटीपासून डहाणूपर्यंतचे दालदी जाळीवाले यांच्यातील कवीचा वाद हे त्याचे जुने उदाहरण. कव म्हणजे डोलीसाठी समुद्रात खुंट रोवून धरलेली जागा. दालदी जाळे पाण्याबरोबर वाहत जाते, त्याला मोकळा समुद्र हवा, आणि वाटेत खुंट आले की ते फाटते. दोन्ही बाजूंची गावे आपापल्या आत घट्ट बांधलेली आहेत. नेमक्या त्या घट्टपणामुळेच तडजोड अवघड होते, कारण माघार घेणारा पुढारी स्वतःच्या गावात तोंड दाखवू शकत नाही. अभ्यासक आतल्या माणसांना जोडणाऱ्या भांडवलात आणि दोन गटांमध्ये पूल बांधणाऱ्या भांडवलात फरक करतात. मुंबईच्या किनाऱ्यावर पहिले भरपूर आहे, दुसरे तुटपुंजे.

पावसाळी विश्रांतीत मात्र पुष्कळ काळ सगळा किनारा एक होता. पाऊस लागला की होड्या ओढून घ्यायच्या, शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावरच दर्यावर जायचे, हा रिवाज. तो पाळण्यात श्रद्धा आहेच, शिवाय पहिला मासा बाजारात आणणाऱ्याला चढा भाव मिळतो, त्या मोहाला हा रिवाज बांध घालतो. सर्वांनी एकाच दिवशी निघायचे ठरले की कोणी लबाडी केली तर ती बंदरावर लगेच दिसते. आता यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी आहे. पूर्वी राज्याच्या बंदीची अखेर नारळी पौर्णिमेशी जोडलेली होती. पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये येते, म्हणून 1 ऑगस्टला कायदा मोकळा झाला तरी रिवाज मोकळा होत नाही. या मधल्या दिवसांत कोण थांबतो आणि कोण निघतो, यावरून गावाची पकड किती उरली आहे हे कळते. मच्छीमार संघटना बंदी लांबवण्याची मागणी करतात, तेव्हा त्या एका अर्थी आपलाच नियम सरकारने राबवावा असे म्हणत असतात.

सहकारी संस्थांचे काम वेगळ्या प्रकारचे. भारतातील पहिली मच्छीमार सहकारी संस्था 1913 मध्ये रत्नागिरीजवळ कर्ला येथे निघाली. मुंबईतल्या सोसायट्या डिझेल, बर्फ, कर्ज आणि डिझेलवरील कराचा परतावा यांची व्यवस्था पाहतात. त्यामुळे सरकार आणि कोळीवाडा यांच्यातला दुवा त्यांच्या हाती आहे, आणि बेशिस्त सभासदाचे डिझेल रोखणे हे त्यांचे सर्वांत धारदार शस्त्र. पण समुद्राच्या कोणत्याही पट्ट्यावर या सोसायट्यांचा हक्क नाही. जपानमध्ये 1949 च्या मासेमारी कायद्याने किनाऱ्यालगतचे हक्क स्थानिक सहकारी संस्थांना दिले, त्यामुळे तिथे परक्या नौकेला अडवण्याचा अधिकार गावाकडे आला. आपल्याकडे 12 सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याचा, त्यापलीकडचा केंद्राचा. सोसायटीने आपल्या सभासदांना कितीही आवरले, तरी वाचलेला मासा दुसऱ्याच बंदराची नौका नेऊ शकते. सहकाराची खरी कोंडी इथे आहे. पुढाऱ्यांच्या भांडणांवर तिचे खापर फोडणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही.

सोसायट्यांमार्फत आलेल्या कर्जांतूनच पुढे नौकांना इंजिने बसली आणि ट्रॉलर वाढले. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्याला डोलीसारखी ठरलेली जागा नसते, म्हणून डोलीचे संकेत त्याला लागू पडले नाहीत आणि नवे संकेत कोणी घातले नाहीत. मुंबईच्या पाण्यातील चपट्या शेवंडीची मासेमारी 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात कोसळली. अंडी धरलेल्या माद्या ट्रॉलमध्ये येत होत्या, भाव चांगला होता, आणि एकट्याने त्या परत सोडून फायदा नव्हता. हार्डिन यांचे भाकीत इथे खरे ठरले. त्याचे कारण इतकेच की, या मासेमारीभोवती गावाची चौकट उभीच राहिली नव्हती.

त्यानंतर सरकारी नियम वाढत गेले. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा. पर्ससीन जाळ्यांवर (माशांच्या थव्याला वेढून खालून आवळली जाणारी मोठी जाळी) राज्याने 5 फेब्रुवारी 2016 रोजी कडक मर्यादा घातल्या आणि परवाने टप्प्याटप्प्याने 182 पर्यंत खाली आणायचे ठरवले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी आणली. 2021 च्या दुरुस्तीने दंड वाढले, आणि खटले तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे चालू लागले. 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरला, पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे. या नियमांपैकी अनेकांमागे पारंपरिक मच्छीमारांचा रेटा होता. मात्र लहान पापलेट न पकडण्याचा नियम गस्ती नौकेपेक्षा लिलावाच्या जागी जास्त सहज राबवता येतो, कारण तिथे मासा सर्वांसमोर पाटीतून बाहेर पडतो. ससून डॉक किंवा भाऊचा धक्का यांसारख्या मोठ्या बंदरांवर विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतीलच असे नाही, म्हणून तिथे लाज हा अंकुश कमी चालतो.

बाहेरच्याविरुद्ध मात्र कोळीवाड्याची एकजूट आजही भक्कम आहे. 1990 च्या दशकात परदेशी नौकांना खोल समुद्रातील मासेमारीचे परवाने देण्याच्या धोरणाविरुद्ध देशभर बंद झाले. त्यातून मुरारी समिती नेमली गेली आणि 1996 मध्ये तिचा अहवाल आला. त्या लढ्यात महाराष्ट्रातील मच्छीमारही होते. अलीकडचे उदाहरण वरळीचे. किनारी रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या खांबांमध्ये 60 मीटर अंतर ठरले होते. क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांना तिथूनच जावे लागते. वारा, खडक आणि आडवा प्रवाह असताना खांबांमधून नौका सुरक्षित नेता येत नाही, असे मच्छीमारांचे म्हणणे होते. त्यांनी आधी 200 आणि मग 160 मीटरची मागणी केली, अर्ज-विनंत्या झाल्या, आणि समुद्रात होड्या आडव्या घालून काम थांबवले गेले. डिसेंबर 2022 मध्ये एक खांब वगळून अंतर 120 मीटर करण्याचे मान्य झाले. होड्या रोज उभ्या ठेवणे म्हणजे रोजची कमाई सोडणे. तरीही लोक टिकले, कारण कोण आले आणि कोण आले नाही हे छोट्या बंदरावर लपत नाही. हीच एकजूट जाळ्याची आस (भोकांचा आकार) ठरवण्यासाठी किंवा नौकांची संख्या आवरण्यासाठी दिसत नाही. परक्याला नाही म्हणणे आणि भावाला नाही म्हणणे यांत मोठे अंतर आहे.

कोळीवाड्याच्या भांडवलाचा हिशेब करताना दोन गट सहसा सुटतात. पहिला कोळणींचा. मासळी किनाऱ्यावर आली की तिचा भाव, उधारी, बर्फ आणि बाजारातली बसण्याची जागा हे सारे बायकांच्या हाती असते. नाखव्याला अडचणीत पैसा उभा करून देणारी बहुधा घरातली किंवा शेजारची मासे विकणारी बाईच असते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या शिवाजी मंडईतून 2021 मध्ये बाजार हलवला गेला, तेव्हा रस्त्यावर उतरल्या त्या कोळणीच. मासेमारीचे नियम जिथे ठरतात त्या सोसायटीच्या सभेत मात्र होडी ज्याच्या नावावर त्याचे वजन असते. दुसरा गट खलाशांचा. डोलीवर पूर्वी घरचीच माणसे असत. आज मोठ्या नौकांवर कोकणातले, पालघरच्या पाड्यांवरचे, उत्तर प्रदेशातले खलाशी मोसमाची उचल घेऊन येतात आणि जूनला गावी परततात. जाळे कोणत्या पाण्यात टाकायचे हे नौका चालवणाऱ्या तांडेलाबरोबर तेच पाहतात, पण बंदी कधी सुरू व्हावी किंवा लहान मासा परत सोडावा का, हे त्यांना कोणी विचारत नाही, आणि त्यांचा वाटा पकडलेल्या मासळीच्या वजनावरच ठरत असेल तर तो परत सोडण्याचे कारणही त्यांना उरत नाही.