संस्थेचं नाव, कंपनीची तार

सेवाभावी संस्थेनं आपल्या देणगीदारांना इंटरनेटची जोडणी घ्यायला सांगायचं आणि दरमहाच्या बिलातला छोटा वाटा संस्थेच्या खात्यात जमा व्हायचा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ही पद्धत चांगलीच रुजली. ती इंटरनेटबरोबर आली असं वाटतं खरं, पण तिची मुळं क्रेडिट कार्डात आणि टेलिफोनच्या बिलात आहेत.

१९८३ साली अमेरिकन एक्सप्रेसनं न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या डागडुजीसाठी एक मोहीम काढली. कार्ड वापरून केलेल्या प्रत्येक खरेदीमागे १ सेंट आणि नव्या कार्डामागे १ डॉलर. पुतळ्यासाठी १७ लाख डॉलर जमले. कंपन्यांनी मात्र धडा घेतला तो वेगळा: चांगल्या कामाशी नाव जोडलं की माल जास्त खपतो. त्याच दशकात बँकांनी माजी विद्यार्थी संघटना आणि पर्यावरण संस्था यांच्या नावांची कार्डं काढली. संस्थेला पैसे मिळत, बँकेला मिळे सभासदांची यादी. या व्यवहारातली खरी मौल्यवान वस्तू ही यादीच, हे पुढचं सगळं वाचताना लक्षात ठेवावं.

१ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची मक्तेदारी मोडली आणि लांब पल्ल्याच्या फोनसाठी ग्राहक पळवायची स्पर्धा सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोत १९८५ साली सुरू झालेल्या वर्किंग अ‍ॅसेट्सनं आधी कार्ड आणि मग फोनसेवा विकली. स्वतःच्या तारा नाहीत. दुसऱ्याकडून मिनिटं घाऊक घ्यायची, आपल्या नावानं विकायची आणि बिलाच्या १ टक्का रक्कम संस्थांना द्यायची. कोणत्या संस्थेला किती, यावर ग्राहक मत देत. मला हा नमुना सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण टक्का किती आणि तो जातो कुठे, हे ग्राहकाला ठाऊक असे.

इंटरनेटवाल्यांनी हाच साचा उचलला. अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट जोडणी विकणाऱ्या कंपनीनं डिसेंबर १९९६ मध्ये तासांचा हिशेब सोडून महिन्याला १९.९५ डॉलर असा सरसकट दर लावला. दरावरून भांडण्यात फारसं काही उरलं नाही. नवा ग्राहक मिळवायला जाहिरात आणि जोडणीच्या सॉफ्टवेअरच्या फुकटच्या सीडी यांवर बक्कळ खर्च, आणि आलेला ग्राहक वर्षभर टिकेलच याची खात्री नाही. संस्थेच्या शब्दावर आलेला देणगीदार सहसा चिवटपणे टिकतो, हा कंपन्यांचा हिशेब होता. मोडेम, सर्व्हर, मदतीची फोनलाइन सगळं मागच्या घाऊक कंपनीचं. संस्थेचं काय? सीडीवरचं बोधचिन्ह, ब्राउझर उघडताच दिसणारं मुखपृष्ठ आणि संस्थेच्या नावानं संपणारा ई-मेल पत्ता.

संस्थेच्या बाजूनं हिशेब मांडून पाहा. २० डॉलरच्या बिलावर ५ टक्के वाटा धरला तर महिन्याला १ डॉलर, वर्षाला १२. हजार देणगीदार जोडले तर १२,००० डॉलर. वाईट नाही, पण त्यासाठी हजार माणसांपुढे आपला शब्द टाकावा लागतो, आणि रात्री लाइन लागली नाही की ती माणसं संस्थेलाच फोन करतात.

ब्रिटनमध्ये गणित निराळं होतं. डिक्सन्स या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानसाखळीनं सप्टेंबर १९९८ मध्ये फ्रीसर्व्ह ही इंटरनेट सेवा आणली, तिला मासिक वर्गणीच नव्हती. ग्राहक स्थानिक कॉलचे मिनिटाप्रमाणे पैसे भरे आणि त्यातला अंश सेवा देणाऱ्याकडे वळे. मग दुकानं, वर्तमानपत्रं, सेवाभावी उपक्रम, ज्याच्याकडे माणसांचा गोतावळा त्यानं आपली सेवा काढावी असं झालं. देणगीदाराला एक पेनीही जादा पडत नसे, ही त्यातली मोहिनी. पण मिनिटांवर उभं राहिलेलं उत्पन्न २००० नंतर सरसकट दर येताच आटत गेलं.

कायद्यालाही यात लक्ष घालावं लागलं. ब्रिटनच्या १९९२च्या धर्मादाय कायद्यातले याविषयीचे नियम १ मार्च १९९५ पासून लागू झाले: संस्थेचं नाव वापरून माल विकणाऱ्यानं तिच्याशी लेखी करार करायचा आणि संस्थेला किती मिळणार ते ग्राहकाला सांगायचं. अमेरिकेत वाद कराचा होता. संस्थेनं नुसतं नाव आणि यादी वापरायला दिली तर मिळकत रॉयल्टी, म्हणून करमुक्त. तिनं स्वतः विक्रीत हात घातला तर तो धंदा, म्हणून करपात्र. सिएरा क्लब या पर्यावरण संस्थेच्या खटल्यात १९९६ साली अपील न्यायालयानं यादीच्या भाड्याला रॉयल्टी मानलं आणि संस्थेच्या नावाच्या क्रेडिट कार्डाचा मुद्दा खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला; १९९९ मध्ये कर न्यायालयानं तोही संस्थेच्या बाजूनं दिला. परिणाम असा, की संस्थेनं सेवेच्या विक्रीपासून जितकं दूर राहावं तितकं तिच्या फायद्याचं. ज्या गोष्टीची शिफारस करतो तिच्यावर आपलं लक्ष नसावं, अशी ही सक्ती मला आजही खटकते.

दुसरी वाटही होती. अमेरिकेतल्या पीसनेट आणि इकोनेट, लंडनची ग्रीननेट यांनी १९८०च्या दशकातच संस्थांसाठी स्वतःची जाळी चालवली आणि १९९० साली असोसिएशन फॉर प्रोग्रेसिव्ह कम्युनिकेशन्समध्ये त्या एकत्र आल्या. इथे नाव उसनं दिलेलं नव्हतं. सेवा देणारी संस्थाच होती.

ब्रॉडबँडनं घाऊक खरेदीचा पायाच काढला. फोन लावून जोडणाऱ्या डायल-अपला कोणतीही फोनलाइन चाले. आता तार ज्याची, ग्राहक त्याचा. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं केबल कंपन्यांना आपली जाळी प्रतिस्पर्ध्यांना खुली करण्याच्या बंधनातून सोडवलं, आणि त्याच वर्षी दूरसंचार आयोगानं फोन कंपन्यांच्या ब्रॉडबँडलाही तीच मोकळीक दिली.

अशी सेवा बंद पडली की संस्थेचं नुकसान काही हजारांचं. देणगीदाराचा मात्र ई-मेल पत्ताच जाई. बँकेत, डॉक्टरकडे, परदेशातल्या मुलाकडे दिलेला, संस्थेच्या नावानं संपणारा. तो पत्ता किती दिवस चालू ठेवायचा आणि ग्राहकांची यादी शेवटी कुणाकडे राहणार, ही दोन कलमं म्हणूनच अशा करारात टक्क्याच्या आधी वाचायला हवीत.