भावनेच्या भरात खाणं आणि बिंज ईटिंग: दिसतं सारखं, उपाय वेगळे

"टेन्शन आलं की मी खात सुटते" आणि "एकदा सुरू केलं की मला थांबताच येत नाही" ही दोन वाक्यं ऐकायला सारखी. दोन्हींवर सल्लाही एकच मिळतो: तोंडावर ताबा ठेव. पहिलीला या सल्ल्याचा उपयोग नाही आणि दुसरीचं त्याने नुकसान होतं. पहिलं भावनेच्या भरात खाणं, ती सवय आहे. दुसरं बिंज ईटिंग डिसऑर्डर असू शकतं, आणि तो आजार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली.

भावनेची भूक अचानक लागते आणि ठराविक पदार्थच मागते. घरात खटका उडाला, पेपर अवघड गेला की फरसाण हवं, नाहीतर सोलापूरच्या पार्क चौकातल्या गाड्यावरची भेळ. परीक्षा सोपी आहे. समोर कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी आहे असं समजा. खावीशी वाटली तर पोट रिकामं आहे, सरळ जेवून घ्या. ती नको, भेळच हवी असेल तर मनात काहीतरी खदखदतंय. या खाण्यात फोन वाजला, कुणी हाक मारली तर हात थांबतो.

बिंजमध्ये तो थांबत नाही. साधारण दोन तासांच्या आत, तेवढ्या वेळात बहुतेक माणसं खाणार नाहीत इतकं पोटात जातं. घर झोपलेलं, ओट्यापाशी उभ्यानेच डब्यातली शेंगाचटणी चमच्याने, मग कुकरमधला गार भात, मग पोरांच्या डब्यासाठी आणलेली बिस्किटं. चव कळत नाही, पोट दुखायला लागलं तरी घास सुटत नाही. रिकामा पुडा कागदात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी जातो आणि स्वतःची किळस येते. आठवड्यातून किमान एकदा, असं तीन महिने चाललं की निदानाचा निकष पुरा होतो. पण मदत मागायला तीन महिने थांबायचं कारण नाही. खाल्लेलं भरून काढायला उलट्या, जुलाबाची औषधं किंवा अति व्यायाम वारंवार होत असेल तर तो बुलिमिया, म्हणजे आणखी वेगळा आजार. उलट्या-जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चक्कर किंवा धडधड असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यातलं काहीही बारीक माणसालाही होतं, अंगकाठीवरून ओळखू जाऊ नका.

सोलापूरच्या उन्हाळ्यात तिसराच एक घोळ होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की जेवण जात नाही. गारमेंटच्या युनिटमध्ये, दुकानात दिवसभर चहावर निभावतात आणि रात्री ताटावर तुटून पडतात. ही साधी साचलेली भूक आहे. दुपारी ताक, दहीभात, भाकरीचा चतकोर एवढं पोटात गेलं तरी रात्रीचा जोर उतरतो.

बिंजचं मूळही बरेचदा इथंच असतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने कित्येक महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही राहिलं नाही, आणि बंधन उठल्यावर काहींचं खाणं आवरेना. शिस्तीत काही कमी नव्हती, शरीर उपाशी होतं. म्हणून "रात्री जास्त झालं, आज कडक उपास" हा बिंजवरचा सगळ्यात वाईट उपाय. उपास, मग बिंज, मग लाज, मग पुन्हा उपास, असं चक्र फिरत राहतं.

बिंजवर पहिलं काम वेळेवर खाण्याचं: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन छोटी खाणी, आणि जागेपणी चार तासांहून जास्त खंड नको. रात्री बिंज झालं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. हेच सगळ्यात जड जातं आणि याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. श्रावणी सोमवार, एकादशी करायचीच असेल तर फराळ दिवसभरात वाटून घ्या. बिंज वारंवार होत असेल तर या काळात उपास सोडणंच बरं. सोबत कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा बोलून करायचा उपचार, लागते. मधुमेहाची औषधं चालू असतील तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा.

भावनेचं खाणं पंधरा मिनिटं थोपवलं तरी पुरतं. "मला आत्ता राग आलाय" असं एक वाक्य वहीत लिहा, मग एक फेरी मारा किंवा मैत्रिणीला फोन लावा. नंतरही खावंसं वाटलं तर वाटीत घ्या, बसून खा, आणि तिथंच विषय संपवा.

दोन्हींना खतपाणी घालतो तो शरीराचा तिटकारा. लग्नसराईत "काय गं, लय सुटलीस की!" हे ठरलेलं. उत्तर आधीच तयार ठेवा: "काकू, वजनाचं राहू दे, तुमचं गुडघ्याचं कसं आहे?" आरशात पोट चिमटून बघणं, रोज काट्यावर उभं राहणं कमी करा, या तपासणीनेच तिटकारा वाढतो. घट्ट झालेलं ब्लाउज डोळ्यांसमोर टांगून ठेवू नका, टेलरकडून उसवून घ्या.

या तिटकाऱ्यातून स्वतःला इजा करावीशी वाटली तर खाण्याचा प्रश्न बाजूला ठेवा. ही ऊर्मी लाटेसारखी चढते आणि उतरते. ती उतरेपर्यंत एकटं राहू नका: खोलीतून बाहेर या, घरातल्या कुणाजवळ बसा, तोंडावर गार पाणी मारा. ज्याने इजा होईल ते घरच्यांकडे देऊन टाका. बोलायचं काय सुचत नसेल तर एवढंच म्हणा, "मला स्वतःला इजा करावीशी वाटतेय, माझ्याजवळ थांब." ऐकणाऱ्याने कारण विचारू नये, ओरडू नये, शपथा घालू नयेत; जवळ थांबावं. जीव द्यायचा विचार येतोय का, हे थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. इजा झाली असेल किंवा जिवाला धोका वाटत असेल तर ११२ लावा किंवा सरळ सिव्हिल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) न्या, ओपीडीची वाट बघू नका. एरवी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जाताना आठवड्याची नोंद सोबत ठेवा: काय खाल्लं, किती वाजता, त्याआधी काय झालं, थांबता आलं का. वजनाचा आणि कॅलरीचा रकाना त्यात नको.