फिल्मवाल्यांचं आकाश डिजिटलमध्ये पांढरंफटक का येतं?

वर्षानुवर्षं फिल्मच्या रोलवर फोटो काढून ते डार्करूममध्ये धुण्यात घालवलेली माणसं डिजिटल कॅमेऱ्यावर आली की बऱ्याचदा एकच तक्रार करतात, आकाशात काही डिटेलच नाही. कॅमेरा बिघडलेला नसतो, फिल्मची सवय आड येत असते.

फिल्मवर सिल्व्हर हॅलाइडचे (चांदीच्या क्षारांचे) बारीक कण असतात. प्रकाश पडला की कणात चांदीचे अगदी मोजके अणू जमतात, चारेक जमले तरी काम होतं, मग डेव्हलपर हे रसायन तो अख्खा कणच काळ्या चांदीत बदलून टाकतो, म्हणजे मूळ सिग्नल जवळजवळ अब्जपट वाढला, आणि हे सगळं टाकीतल्या साध्या केमिकलमध्ये! उरलेले कण हायपो हे दुसरं रसायन विरघळवतं (हा गुण जॉन हर्शेलने १८१९ मध्येच नोंदवला होता, तेव्हा फोटोग्राफी धड जन्मलीही नव्हती).

आता गंमत बघा, प्रकाश फारच कमी असेल तर तेवढे अणू जमतच नाहीत, एकटा अणू टिकत नाही, आणि सावलीतला डिटेल कायमचा गेला. उलट प्रकाश जास्त झाला तर मोठे कण आधी वापरले जातात, छोटे मागून, त्यामुळे काळेपणा हळूहळू वाढतो आणि निगेटिव्ह (धुतलेली फिल्म, जिच्यावर उजळ भाग काळे दिसतात) बरंच सांभाळून घेते. म्हणून फिल्मवाले बिनधास्त एखादा स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त देतात.

डिजिटल कॅमेऱ्यातल्या सेन्सरचं गणित वेगळं. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये बॉयल आणि स्मिथ यांनी सीसीडी या प्रकाश टिपणाऱ्या चिपची कल्पना मांडली (२००९ ला नोबेल मिळालं), आजचे सीमॉस सेन्सरही मुळात तेच करतात, प्रकाशाने सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते मोजायचे. दुप्पट प्रकाश, दुप्पट इलेक्ट्रॉन, सरळ हिशोब. पण पिक्सेलची क्षमता संपली की संपली, पुढचं सगळं एकच पांढरं, तिथून काही परत आणता येत नाही. सावलीत मात्र थोडे का होईना इलेक्ट्रॉन असतात, रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) ते वर काढता येतात, नॉइज म्हणजे दाणेदारपणा येतो एवढंच.

म्हणजे सवय पूर्ण उलटी करायची, आधी हायलाइट म्हणजे सगळ्यात उजळ भाग वाचवायचे, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, उजवीकडे उजळ भाग) उजव्या भिंतीला आपटत नाही ना ते बघायचं. स्लाइड फिल्म (जिच्यावर निगेटिव्ह नाही, थेट खरं चित्र उमटतं) वापरणाऱ्यांना यात नवीन काही वाटत नाही, तिथे एक्स्पोजर जरा जास्त झालं की फिल्म पारदर्शकच निघते, त्यामुळे त्यांचा हात आधीच आखडता असतो.