रस्त्याकडेची करवंदं खाताय? आधी पाण्यात टाकून बघा

मे महिन्यात घाटात गाडी बाजूला लावायची आणि जाळीवरची करवंदं तोडून तिथंच तोंडात टाकायची, हे आपण सगळ्यांनीच केलंय. मागच्या उन्हाळ्यात मी रस्त्याला अगदी लागून असलेल्या जाळीची ओंजळभर करवंदं घरी आणली आणि पांढऱ्या वाडग्यात भिजत टाकली, तर थोड्याच वेळात पाणी राखाडी झालं आणि तळाशी बारीक काळा गाळ बसला. इतकी वर्षं हा गाळ, म्हणजे रस्त्यावरची धूळ, थेट पोटात जात होता.

या धुळीत असतं काय, तर ब्रेक झिजून पडलेलं लोखंड-तांबं, टायरमधलं जस्त, डिझेलची काजळी आणि जुन्या रस्त्यांच्या कडेला शिसं. आता शिसंवालं पेट्रोल आपल्याकडे २००० सालीच बंद झालं, खरंय, पण शिसं हा धातू आहे, तो कुजत नाही, मातीच्या वरच्या थरातच बसून राहतो आणि गाड्या गेल्या की तीच माती उडून परत फळावर येते.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे झाडानं मातीतून घेतलेलं शिसं बहुतेक मुळांतच अडकतं, फळापर्यंत फार थोडं पोचतं. म्हणजे खरी भानगड सालीवरची आहे. चिंचेचं टरफल काढलं की झालं, पण जांभूळ, बोर आपण सालीसकट खातो, आणि करवंदाच्या देठातून तर तोडल्या तोडल्या पांढरा चीक येतो, त्यावर धूळ अशी चिकटते की नुसतं पाण्यातून काढून भागत नाही, देठाकडची जागा अंगठ्यानं चोळायला लागते. दोन-तीन पाण्यांनी धुवा.

तोडायची कुठली? जाळीच गाळणीसारखं काम करते, रस्त्याकडची पानं धुळीनं मळकट आणि मागची स्वच्छ, हे डोळ्यांनाही दिसतं. धूळ सगळ्यात जास्त पहिल्या काही मीटरांत पडते, त्यामुळे पायवाटेनं पन्नासेक मीटर आत गेलात तरी मोठा फरक पडतो. मोरीच्या तोंडाखालची झाडं मात्र सोडा, रस्त्याचं सगळं पाणी तिथं उतरतं. आणि कडेचं गवत पट्ट्यानं जळाल्यासारखं पिवळं दिसलं तर तणनाशक मारलेलं असू शकतं, तिथलं काहीच नको, धुऊनसुद्धा नको.

सोबत पोरं असतील तर जास्तच जपा. पोटात गेलेल्या शिशातला मोठ्यांच्या चार-पाच पट वाटा लहान मुलांचं शरीर शोषून घेतं, आणि त्यांच्या वाढत्या मेंदूला त्याचा त्रास होतो. शिवाय पोरं दिसेल ते फळ उचलतात. दुभाजकातली कण्हेर अख्खी विषारी, पिवळ्या कण्हेरीचं हिरवं गोटीसारखं फळही तसंच, आणि कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं मूठभर खातात, मग उलट्या-जुलाब सुरू होतात. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, उरलेलं फळ किंवा बी सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.