तो तिथे होता का? युद्धकादंबरीवरच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

सैनिकांवरची कुठलीही कादंबरी घ्या आणि ती वाचलेले लोक काय बोलतात ते ऐका, एक प्रश्न हमखास येतोच, की लेखक स्वतः लढायला गेला होता का. प्रेमकथा लिहिणाऱ्याला कोणी पुरावा मागत नाही, खुनाची कादंबरी लिहिणाऱ्याला तर नाहीच नाही, पण युद्धावर लिहिलं की वाचकाला आधी सर्व्हिस रेकॉर्ड हवं असतं. पुस्तक आवडलं तर 'तो तिथे होता म्हणूनच असं लिहू शकला' आणि नाही आवडलं तर 'हा कधी फ्रंटवर गेलाच नसणार'. हा प्रश्न दीडशे वर्षांपेक्षा जुना आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की इतक्या वर्षांत त्याने एकही वाद मिटवलेला नाही.

सगळ्यात गाजलेला वाद रेमार्कचा, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. एरिख मारिया रेमार्क, जन्म १८९८, जर्मनीतल्या ओस्नाब्रुकचा. नोव्हेंबर १९१६ मध्ये अठराव्या वर्षी त्याला सैन्यात घेतलं, जून १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या पश्चिम आघाडीवर पाठवलं, आणि ३१ जुलैला तोफगोळ्याचे तुकडे लागून तो जखमी झाला तो थेट हॉस्पिटलात. म्हणजे आघाडीवरचा हिशोब केला तर जेमतेम सात आठवडे. दहा वर्षांनी त्याने ते पुस्तक लिहिलं जे आपण 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या इंग्रजी नावाने ओळखतो. एका मोठ्या जर्मन प्रकाशकाने ते नाकारलं, मग उलश्टाइन कंपनीच्या फोसिशे त्साइटुंग या पेपरात १० नोव्हेंबर १९२८ पासून ते हप्त्याहप्त्याने आलं आणि जानेवारी १९२९ च्या शेवटी पुस्तक निघालं. पुढच्या दीड वर्षात २२ भाषा आणि २५ लाख प्रती. त्या काळात, रेडिओ पण धड घरोघरी नसताना, हा आकडा काय आहे याचा विचार करा.

गोची झाली ती जाहिरातीत. प्रकाशकाने असं चित्र उभं केलं की हा एक साधा सैनिक आहे, लेखकबिखक नाही, मनातलं ओझं उतरवायला बसला आणि लिहून मोकळा झाला. खरं तर रेमार्क पत्रकार होता, एका सचित्र नियतकालिकाच्या संपादनात होता आणि १९२० साली त्याची एक कादंबरी येऊन गेली होती. हे बाहेर आल्यावर विरोधकांना आयतंच मिळालं. १९२९ मध्येच मिनोना या टोपणनावाने लिहिणाऱ्या झालोमो फ्रीडलेंडरने एक अख्खं पुस्तक काढलं, नाव काय तर 'एरिख मारिया रेमार्क खरंच होऊन गेला का'. नाझींनी त्याच्या पुढे जाऊन उठवलं की याचं खरं नाव क्रामर, हा ज्यू आहे, आणि हा लढलाच नाही. मूळ आडनाव रेमार्कच होतं, फक्त स्पेलिंग त्याने जुन्या फ्रेंच वळणाचं करून घेतलं होतं, आणि मूळचं Remark उलटं वाचलं की क्रामर होतं एवढ्यावर ही सगळी अफवा उभी. डावीकडचे पण खूश नव्हतेच, त्यांचं म्हणणं युद्ध कोणी लावलं, कोणाच्या फायद्यासाठी लावलं हे पुस्तक सांगतच नाही. आणि या सगळ्या गोंधळात लाखो माणसं ते पुस्तक विकत घेऊन वाचत होती.

डिसेंबर १९३० मध्ये त्यावरचा अमेरिकन सिनेमा बर्लिनला लागला तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले, घाण वासाच्या कुप्या फोडल्या, आणि आठवड्याभरात सरकारने सिनेमावरच बंदी घातली. उंदरांचा हा किस्सा लोक गंमत म्हणून सांगतात पण मला त्यात गंमत दिसत नाही, कारण पुढचं माहितीये. १० मे १९३३ ला बर्लिनमध्ये पुस्तकं जाळली त्यात हे होतं, १९३८ मध्ये रेमार्कचं नागरिकत्व काढून घेतलं, तो आधीच स्वित्झर्लंडला निघून गेला होता म्हणून वाचला, पण त्याची बहीण एल्फ्रीडे जर्मनीतच राहिली होती, आणि हे युद्ध आता हरल्यातच जमा आहे असं बोलल्याबद्दल तिला डिसेंबर १९४३ मध्ये देहदंड दिला. भाऊ हाती लागत नाही हा राग त्यात होताच.

आता ब्रिटनकडे या, तिथला वाद वेगळ्या सुराचा आणि मला विचाराल तर जास्त प्रामाणिक. १९३० साली सिरिल फॉल्स या माणसाने 'वॉर बुक्स' नावाचं एक मार्गदर्शक पुस्तक काढलं. फॉल्स स्वतः युद्धात अधिकारी होता आणि नंतर युद्धाच्या सरकारी इतिहासाच्या कामावर होता. त्याने शेकडो युद्धपुस्तकांवर छोटी छोटी परीक्षणं लिहिली आणि चांगल्या पुस्तकांना चक्क स्टार दिले, एक, दोन, तीन. १९३० मध्ये! कादंबऱ्यांबद्दल त्याची तक्रार अशी की प्रत्येक घटना सुटी घेतली तर खरी असेल, पण या कादंबऱ्यांमध्ये सगळंच वाईट एकाच माणसाच्या वाट्याला एकामागून एक येतं, विश्रांतीचे दिवस, कंटाळा, दोस्तांची चेष्टामस्करी गायब, आणि सैनिक म्हणजे कायम रडवेलं भूत. त्याच वर्षी डग्लस जेरॉल्डने 'द लाय अबाउट द वॉर' ही पुस्तिका काढली, तिचा मुद्दा असा की एका सैनिकाच्या डोळ्यांतून बघितलं की युद्ध अर्थहीनच दिसणार, कारण त्या एकट्याला मोठं चित्र दिसतच नाही. मला हे पटत नाही, मरणारा माणूस एकटाच मरतो आणि त्याचंच सांगणं हे कादंबरीचं काम आहे, पण विरोधी बाजूने इतकं नेमकं कोणी मांडलं असेल असं वाटत नाही.

फ्रान्समध्ये तर एका माणसाने या प्रश्नाचा पार हिशोबच मांडला. जाँ नॉर्तों क्रू, अमेरिकेत फ्रेंच शिकवणारा मास्तर, युद्ध सुरू झालं तसा मायदेशी परत आला आणि दोन वर्षांहून जास्त खंदकात काढली. तिथेच त्याला पहिल्यांदा जाणवलं की आपण पुस्तकांत वाचलेलं युद्ध आणि हे समोरचं युद्ध यांचा काही संबंध नाही. मग त्याने १९१५ ते १९२८ मध्ये आलेली, लढून आलेल्यांनी लिहिलेली सुमारे ३०० पुस्तकं गोळा केली, जवळपास २५० लेखक, आणि प्रत्येकाची फाइल काढल्यासारखं केलं, जन्म कधीचा, कुठली रेजिमेंट, आघाडीवर किती महिने, कुठे होता, मग पुस्तकातल्या तारखा आणि जागा त्याच्याशी जुळतात का. शेवटी सगळ्यांना सहा वर्गांत बसवलं. १९२९ मध्ये 'तेम्वाँ' म्हणजे 'साक्षीदार' या नावाने हा सातशेहून जास्त पानांचा ग्रंथ आला आणि दंगाच झाला. कारण वाचकांचे लाडके लेखक खालच्या वर्गात. आंरी बार्ब्युसचं 'ल फ' १९१६ मध्ये, युद्ध चालू असताना आलं होतं, त्याला गोंकूर पुरस्कार मिळाला होता, खंदकातल्या सैनिकांनी त्याला आभाराची पत्रं पाठवली होती. रोलाँ दोर्जलेसचं पण तसंच प्रेम केलेलं पुस्तक. क्रूचं म्हणणं, प्रेतांचे ढीग, रक्ताचे ओघळ, संगिनीने भोसकाभोसकी, हे सगळं फुगवलेलं आहे, संगिनीची जखम प्रत्यक्षात क्वचितच दिसायची. दोर्जलेस आणि त्याच्या बाजूचे म्हणाले की कादंबरीकाराने काय तारखांची डायरी लिहायची का, त्याला अनेक अनुभव एकत्र करून काहीतरी उभं करायचं असतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, या भांडणात दोन्हीकडचे लोक 'तिथे होते'. बार्ब्युस एक्केचाळिसाव्या वर्षी स्वतःहून भरती झाला होता, दोर्जलेस लढला होता, क्रू लढला होता आणि बार्ब्युसला पत्रं लिहिणारे सैनिक तर त्या क्षणी खंदकातच बसले होते. तरी एकमत नाही. मग तिथे असण्याने नक्की काय सिद्ध होतं?

हे कळायला अजून मागे जावं लागतं, टॉल्स्टॉयपर्यंत. 'वॉर अँड पीस' १८६० च्या दशकात येत होती तेव्हा १८१२ साली नेपोलियनशी लढलेले काही म्हातारे अजून हयात होते. त्यातला एक अव्राम नोरोव, बोरोदिनोच्या लढाईत सोळा-सतरा वर्षांचा तोफखान्यातला पोरगा होता, तिथे त्याचा पाय गेला, पुढे तो रशियाचा शिक्षणमंत्री झाला. १८६८ मध्ये त्याने कादंबरीवर टीका लिहिली आणि ती दुखावलेल्या माणसाची टीका आहे, आम्ही ज्यांच्या हाताखाली लढलो त्या सेनापतींना आणि आमच्या त्या पराक्रमाला याने नुसत्या गोंधळाचं रूप दिलं अशी. मला नोरोवबद्दल फार आदर वाटतो, एक पाय देऊन आलेल्या माणसाला कोणी सांगावं की बाबा तुझी आठवण चुकीची आहे. टॉल्स्टॉयचा तर जन्मच १८२८ चा, तो बोरोदिनोला असणं शक्यच नव्हतं, तो तिथे गेला १८६७ मध्ये, मैदान बघायला.

पण टॉल्स्टॉय एका वेगळ्या युद्धात होता, क्रिमियाच्या, १८५४-५५ मध्ये सेव्हास्तोपोलला, आणि १८६८ मधल्याच एका लेखात त्याने तिथला अनुभव सांगितलाय तो या सगळ्या विषयावरचा मला सापडलेला सगळ्यात मोलाचा मजकूर आहे. सेव्हास्तोपोल पडल्यावर तोफखान्याच्या प्रमुखाने त्याच्याकडे वेगवेगळ्या बुरुजांवरच्या अधिकाऱ्यांचे वीसहून जास्त रिपोर्ट पाठवले आणि त्यातून एकच अहवाल तयार करायला सांगितलं. ते वाचून तो म्हणतो की हा भोळ्या, अपरिहार्य लष्करी खोटेपणाचा उत्तम नमुना होता. अधिकारी लबाड होते असं नाही, त्यांना जे दिसलंच नव्हतं ते त्यांना हुकूम म्हणून लिहावं लागलं होतं. पुढे तो सांगतो की लढाई झाल्या झाल्या सैनिकांमध्ये फिरा, तुम्हाला गुंतागुंतीचं, जड, अस्पष्ट असं काहीतरी ऐकू येईल, मग दोन-तीन दिवसांत रिपोर्ट तयार होतात, आणि मग सगळे त्या रिपोर्टप्रमाणेच सांगायला लागतात, आणि तेही मनापासून, कारण तो गोंधळ डोक्यात बाळगण्यापेक्षा सुटसुटीत गोष्ट बाळगणं सोपं. म्हणजे तिथे असलेल्या माणसाची आठवण सुद्धा नंतर घडवलेली असू शकते.

उलटी बाजू म्हणजे स्टीफन क्रेन. अमेरिकेचं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, क्रेन जन्मला १८७१ मध्ये, आणि १८९५ मध्ये त्याची 'द रेड बॅज ऑफ करेज' आली तेव्हा त्याने एकही लढाई पाहिलेली नव्हती. पळून जाणारा, लाजणारा, परत येणारा एक पोरगा, बस एवढीच गोष्ट, लढाईचं नाव पण दिलेलं नाही. जुन्या सैनिकांना ते इतकं खरं वाटलं की एक कर्नल तर म्हणाला की मी अँटिएटमच्या लढाईत क्रेनबरोबर होतो. दुसरीकडे मॅक्लर्ग नावाचा, त्याच युद्धात लढलेला जनरल, त्याने १८९६ मध्ये 'द डायल' या नियतकालिकात पत्र लिहून पुस्तकाची सालटी काढली की ही आमच्या सैनिकांची बदनामी आहे. त्याच युद्धातले दोन सैनिक, पुस्तक एकच! क्रेन स्वतः म्हणायचा की लढण्याचा आवेश मी फुटबॉलच्या मैदानावर शिकलो. मग १८९७ मध्ये तो बातमीदार म्हणून ग्रीस-तुर्कस्तान युद्ध बघायला गेला तेव्हा कुठे त्याची स्वतःची खात्री पटली की पुस्तक बरोबर आहे.

आपल्याकडचं पण एक उदाहरण याच जातीचं. १९१५ मध्ये 'सरस्वती' मासिकात आलेली गुलेरींची 'उसने कहा था', पहिल्या महायुद्धात युरोपातल्या खंदकात लढणाऱ्या शीख सैनिकांची गोष्ट, युद्ध तेव्हा चालूच होतं. चंद्रधर शर्मा गुलेरी संस्कृतचे पंडित, त्या खंदकात ते कधी गेले नव्हते. शंभर वर्षं झाली, त्या गोष्टीचा नायक लहनासिंग वाचकांच्या मनातून उतरलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर सूर थोडा बदलला. जोसेफ हेलर बॉम्बर विमानातून ६० मोहिमांवर गेला होता पण १९६१ च्या 'कॅच-२२' बद्दल भांडण झालं ते विनोदावरून, हिशोबावरून नाही. कर्ट व्हॉनेगट ड्रेस्डेनमध्ये युद्धकैदी होता, फेब्रुवारी १९४५ चा बॉम्बहल्ला त्याने कत्तलखान्याच्या तळघरात काढला, आणि त्यावरच्या 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' या पुस्तकाच्या ३२ प्रती १९७३ मध्ये नॉर्थ डकोटातल्या ड्रेक गावच्या शाळेने घाण भाषा म्हणून भट्टीत जाळल्या. त्याने शाळेच्या बोर्डाला पत्र लिहिलं त्यात सांगितलं की खरी माणसं शिवराळ बोलतात, सैनिक तर बोलतातच, आणि त्याच पत्रात त्याला हेही लिहावं लागलं की मी पायदळात लढलोय, मला पर्पल हार्ट, म्हणजे जखमी सैनिकाला देतात ते पदक, मिळालंय. जगभर नाव झालेल्या लेखकाला पण शेवटी रेकॉर्ड काढून दाखवावं लागलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

व्हिएतनाम युद्धावर दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलं. अमेरिकन टिम ओब्रायनने १९९० च्या पुस्तकात निवेदकाला स्वतःचंच नाव दिलं आणि वर स्पष्ट लिहिलं की हे काल्पनिक आहे, म्हणजे वाचकाने तो नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडावं आणि तिथेच अडावं. साधारण त्याच वेळी हनोईत बाओ निन्हची कादंबरी आली, इंग्रजीत ती 'द सॉरो ऑफ वॉर' म्हणून गेली. १९९१ मध्ये व्हिएतनामच्या लेखक संघाने तिला बक्षीस दिलं, आणि मग टीका सुरू झाली की यात विजय कुठाय, शौर्य कुठाय, नुसतं दुःख. पुढे कितीतरी वर्षं तिथे तिची नवी आवृत्ती निघाली नाही, बाहेर मात्र अमेरिकन माजी सैनिकांनी ती वाचली, ज्यांच्यावर त्याने गोळ्या झाडल्या होत्या त्यांनी. बाओ निन्ह सतराव्या वर्षी भरती झाला होता. त्याची २७ वी युवा ब्रिगेड ५०० जणांची होती. घरी परत आले दहा.